कुटुंबकेंद्रित शुश्रूषा: पेशंटच्या माणसांना सोबत घेऊन काम कसं करावं

पेशंटच्या खाटेजवळ बसलेल्या माणसाशी वॉर्डातलं बोलणं बऱ्याचदा तीन वाक्यांत संपतं: इथे सही करा, जरा बाहेर थांबा, डॉक्टर आले की विचारा. पेशंटला कोणती गोळी सोसत नाही, रात्री तो कशाने घाबरून उठतो, खूप दुखत असलं तरी 'ठीक आहे' का म्हणतो, हे मात्र त्याच माणसाला ठाऊक असतं. घरी गेल्यावर पुढची सगळी शुश्रूषाही त्याच्याच हातून व्हायची असते. त्याला सुरुवातीपासून सोबत घेऊन काम करणं म्हणजे कुटुंबकेंद्रित शुश्रूषा.

या नावाखाली दोन उलट्या चुका होताना दिसतात. कुठे कुटुंबाला दाराबाहेर ठेवलं जातं, तर कुठे अंग पुसण्यापासून लघवीचं माप ठेवण्यापर्यंत सगळं नातेवाइकांवर सोडून दिलं जातं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी असते: त्यांना कोणी विचारलेलं नसतं. कुटुंबाचा सहभाग किती आणि कशात, हे त्यांना विचारून ठरवायचं आणि पुन्हा पुन्हा ठरवत राहायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच आधारावर उभ्या आहेत.

हा विचार आला कुठून

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रुग्णालयांत लहान मुलांना भेटायला आईवडिलांना आठवड्यातून थोडाच वेळ मिळत असे. आई येऊन गेली की मूल रडतं, म्हणजे भेटीमुळे त्याला त्रास होतो, असा त्यामागचा तर्क होता. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचं रुग्णालयातलं आठ दिवसांचं वास्तव्य चित्रित केलं. गप्प बसलेलं, 'शहाणं' झालेलं मूल खरं तर खचलेलं असतं, हे त्या चित्रफितीत डोळ्यांनी दिसत होतं. १९५९ मध्ये हॅरी प्लॅट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. मुलांना भेटण्यावरची बंधनं काढावीत आणि लहान मुलासोबत आईलाही राहू द्यावं, अशा शिफारशी त्यात होत्या. १९८८ मध्ये ॲन केसी यांनी बालरुग्ण शुश्रूषेसाठी भागीदारीचं प्रारूप मांडलं. मुलाची काळजी घ्यायला सर्वांत योग्य माणसं म्हणजे त्याचं कुटुंब, आणि परिचारिकेने त्यांना लागेल तितकी मदत करायची, हा त्याचा गाभा. मुलांच्या वॉर्डात रुजलेला हा विचार पुढे आयसीयू, प्रसूती, वृद्धांची शुश्रूषा आणि अखेरच्या दिवसांतली काळजी इथपर्यंत पोहोचला.

आज चार तत्त्वं साधारणपणे सगळीकडे मानली जातात: सन्मान, माहितीची देवाणघेवाण, सहभाग आणि धोरणं ठरवताना सहकार्य. पहिली तीन खाटेजवळ रोज लागतात. चौथं रुग्णालयाच्या बैठकांत लागतं. भेटीच्या वेळा किंवा डिस्चार्जचा कागद ठरवताना पूर्वीच्या पेशंटचे नातेवाईक त्या टेबलाशी बसलेले असावेत, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी १: 'तुमची माणसं कोण?' हे पेशंटलाच विचारा

कागदावर 'जवळचे नातेवाईक' म्हणून एक नाव असतं. ते नाव आणि पेशंटला हवा असलेला माणूस एकच असेल असं नाही. वेगळं राहणारं जोडपं, पेशंटला सांभाळणारी मैत्रीण, मुलांपेक्षा जवळचा झालेला शेजारी, यांतलं कोणीही त्याचं कुटुंब असू शकतं. भरतीच्या वेळी, पेशंट एकटा असताना तीन प्रश्न विचारा:

- तुमच्या आजाराबद्दल आम्ही कोणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?
- कोणाला काय सांगू नये?
- तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर तुमच्या वतीने कोणी निर्णय घ्यावा?

'एकटा असताना' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. घरात मारहाण होत असेल, पैशासाठी दबाव असेल, किंवा किशोरवयीन मुलीला आईसमोर बोलता येत नसेल, तर ते तुम्हाला याच पाच मिनिटांत कळतं. कपडे बदलायला किंवा तपासणीसाठी नेताना हा एकांत सहज मिळतो. पेशंट शुद्धीवर असेल तर कुटुंबाचा सहभाग त्याच्या संमतीनेच. ती संमती तो उद्या काढूनही घेऊ शकतो, म्हणून तारखेसह नोंदवा.

पायरी २: पहिली पंधरा मिनिटं

'वेळ नाही' ही अडचण खरी आहे. एका परिचारिकेकडे पेशंट किती, यावर शुश्रूषेचा दर्जा ठरतो आणि कोणतंही तत्त्वज्ञान ती कमतरता भरून काढत नाही. तरी थोड्या वेळात बरंच साधतं. कॅनडातल्या लॉरेन राइट आणि मॉरीन लेही यांनी कुटुंबाच्या मूल्यमापनाची पद्धत विकसित केली आणि पुढे १९९९ मध्ये पंधरा मिनिटांच्या मुलाखतीची रूपरेषा दिली. तिचा पहिलाच भाग साधा शिष्टाचार आहे: स्वतःचं नाव सांगणं, समोरच्याला नावाने हाक मारणं, काही करण्याआधी काय करणार ते सांगणं. घाईत नेमकं हेच गळतं.

मग कुटुंबाचा छोटा नकाशा काढा. त्याला जिनोग्राम म्हणतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, पेशंटभोवती दुहेरी रेघ, मृत व्यक्तीवर फुली, जोडप्याला जोडणारी आडवी रेघ, तिच्याखाली मुलं डावीकडून उजवीकडे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. एका घरात राहणाऱ्यांभोवती तुटक रेघ ओढा. प्रत्येकाशेजारी वय आणि मोठा आजार लिहा. काढताना पेशंटशी बोलणं आपोआप होतं, आणि 'घरी रात्री यांच्याजवळ कोण असतं?' याचं उत्तर कागदावर उमटतं. हवं तर बाहेरचे आधारही जोडा: नोकरी, शेजार, मित्र, मदत गट. घट्ट नात्याला जाड रेघ, सैलाला तुटक, ताणाच्या नात्याला नागमोडी. याला इकोमॅप म्हणतात. ॲन हार्टमन यांनी १९७० च्या दशकात समाजकार्यासाठी तो तयार केला.

प्रश्न मोजके, पण नेमके असावेत. मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रश्न हा: 'आत्ता तुम्हाला एकाच प्रश्नाचं उत्तर मिळणार असेल, तर तुम्ही काय विचाराल?' कुटुंबाची खरी भीती कुठे आहे ते यातून बाहेर येतं. शस्त्रक्रियेबद्दल चिंता असेल असं आपण गृहीत धरलेलं असतं, आणि मुलगा विचारतो, 'बाबांना अजून सांगितलं नाही, मला खोटं बोलावं लागेल का?'

शेवटी कुटुंबाचं एखादं बळ शोधून त्यांना सांगा, तेही स्वतः पाहिलेलं. 'तुम्ही त्यांच्या गोळ्यांची वही इतकी नीट ठेवली आहे की आमचं अर्धं काम झालं.' ज्यांना गेले कित्येक दिवस फक्त काय चुकलं तेच ऐकावं लागलं आहे, त्यांच्यासाठी असं वाक्य मोठं असतं.

पायरी ३: कामं वाटून घेणं

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. कामाबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात: तुम्हाला काय करता येतं, आणि तुम्हाला काय करावंसं वाटतं. घरी वर्षभर आईला नळीतून अन्न देणारी मुलगी वॉर्डात म्हणू शकते, 'इथे मला फक्त तिचा हात धरून बसू द्या.' ती कामचुकार नाही, थकलेली आहे. याउलट वडिलांची दाढी करण्याची मुलाची फार इच्छा असते, पण चालेल की नाही म्हणून तो विचारत नाही.

बोलण्याची सुरुवात अशी करता येईल: 'यांना पुसणं, भरवणं, कूस बदलणं ही कामं आमची आहेत आणि आम्ही ती करणारच आहोत. यातलं काही तुम्हाला स्वतः करायचं असेल तर मी सोबत थांबते. नको असेल तर अजिबात संकोच करू नका.' पहिलं वाक्य गाळलं तर कुटुंबाला वाटतं की नाही म्हटलं तर पेशंटचे हाल होतील. मग त्यांच्या होकाराला काही अर्थ उरत नाही.

काही कामं मात्र कोणत्याही परिस्थितीत सोपवायची नाहीत. पेशंटचं मूल्यमापन, शिरेतून दिली जाणारी औषधं, रक्त चढवताना लक्ष ठेवणं, ऑक्सिजन किंवा पंपाचे आकडे बदलणं, अस्थिर पेशंटला एकट्याने उठवणं, या गोष्टी परिचारिकेच्याच. नातेवाइकाने केलेल्या कामाची जबाबदारीही शिफ्टवरच्या परिचारिकेचीच राहते. म्हणून कूस बदलल्यावर पाठ आणि माकडहाड तुम्ही स्वतः पाहा. भरवल्यावर किती गेलं आणि ठसका लागला का, ते विचारून लिहा. आणि मुलांना दुभाषा करू नका. नऊ वर्षांच्या मुलाला आईचं निदान तिच्या भाषेत सांगायला लावणं दोघांवरही अन्याय आहे.

जे काम कुटुंब घेईल ते शिकवायची ठरलेली रीत आहे: आधी तुम्ही करा आणि ते पाहतील, मग दोघं मिळून, मग ते करतील आणि तुम्ही पाहाल. नाकातल्या नळीतून अन्न देण्याचं उदाहरण घेऊ. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, नळी जागेवर असल्याची खात्री, सावकाश देणं, नंतर अर्धा ते एक तास तसंच बसतं ठेवणं, आणि खोकला, उलटी किंवा धाप दिसली की लगेच थांबवणं. यातलं 'थांबवायचं कधी' हे सर्वांत आधी शिकवा. कृती हाताला सवयीने येते. धोका ओळखायचं मात्र आधीच ठाऊक असावं लागतं.

ठरलेली वाटणी खाटेजवळच्या फळ्यावर किंवा नोंदीत लिहा आणि प्रत्येक हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवताना, सांगा. सकाळच्या सिस्टरने 'तुम्ही करा' म्हणायचं आणि रात्रीच्या सिस्टरने 'हात लावू नका' म्हणून ओरडायचं, याने विश्वास जितका मोडतो तितका दुसऱ्या कशाने क्वचितच मोडत असेल.

पायरी ४: माहिती देणं आणि घेणं

पेशंटच्या परवानगीने एक संपर्क व्यक्ती ठरवा. दहा नातेवाइकांना दहा वेळा सांगताना शब्द बदलतात, आणि त्या बदललेल्या शब्दांवरून घरात वाद होतात. राउंडची वेळ कळवा, म्हणजे ती व्यक्ती हजर राहू शकेल. उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या मुलांच्या वॉर्डांत राउंडची पद्धत बदलून कुटुंब आणि परिचारिका यांना बोलण्याची पक्की जागा दिली गेली. साध्या भाषेत बोलणं, चर्चेचा गोषवारा लिहून देणं, ऐकलेलं परत सांगायला लावणं हे त्यात होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पेशंटला इजा पोहोचवणाऱ्या चुका ३८ टक्क्यांनी घटल्या. एकूण चुकांचं प्रमाण बदललं नाही, हेही त्यात नोंदलेलं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. अपाय होणाऱ्या चुका कमी झाल्या, हे पुरेसं मोठं आहे.

समजलं का, असं विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी: 'मी नीट सांगितलं की नाही ते मला पाहायचं आहे. घरी गेल्यावर हे औषध कसं देणार, ते मला सांगाल?' चुकलं तर आपण वेगळ्या शब्दांत सांगायचं आणि परत विचारायचं.

माहिती दुसऱ्या दिशेनेही यावी लागते. 'ती आज नेहमीसारखी नाही' हे आईचं वाक्य ही निरीक्षणाची नोंद आहे. ते ऐकलं की नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन आणि शुद्धी लगेच पाहा, मग बोला. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी सेप्सिसने, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिक्रियेने, गेली. पालकांनी व्यक्त केलेल्या काळजीकडे नीट लक्ष दिलं गेलं नव्हतं. त्यानंतर तिच्या नावाने नियम आला आणि २०२४ पासून तो तिथल्या रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. पेशंट खालावतोय असं वाटलं तर कुटुंब थेट दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तपासणी मागू शकतं. तुमच्याकडे अशी सोय नसली तरी कुटुंबाला एवढं सांगता येतं: 'काळजी वाटली तर मला बोलवा. माझ्याकडून समाधान झालं नाही तर इन्चार्ज सिस्टरना बोलवा, मला राग येणार नाही.'

पायरी ५: कठीण बैठक

गंभीर पेशंटच्या कुटुंबाशी एकदा तरी ठरवून, बसून बोलावं. फ्रान्समधल्या २२ आयसीयूंमध्ये मरणासन्न १२६ पेशंटच्या कुटुंबांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात बैठक आखीव पद्धतीने झाली, तिथे ती साधारण ३० मिनिटं चालली आणि त्यातली १४ मिनिटं कुटुंब बोललं. दुसऱ्या गटात बैठक २० मिनिटांची होती आणि कुटुंब फक्त ५ मिनिटं बोललं. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातल्या नातेवाइकांमध्ये आघातोत्तर तणाव, चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी आढळली. यातून परिचारिकेने घ्यायची गोष्ट म्हणजे गप्प राहणं.

बैठकीआधी डॉक्टरांशी बोलून एकच संदेश पक्का करा. फोन बंद, सगळ्यांना बसायला खुर्ची, हाताशी पाणी. पहिला प्रश्न 'तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलं गेलं आहे?' त्यांचं म्हणणं मोलाचं माना, भावनेला नाव द्या, ऐका, पेशंट माणूस म्हणून कसा होता ते विचारा, आणि शेवटी त्यांना प्रश्न विचारायला लावा. बैठक संपल्यावर डॉक्टर निघून जातात. तेव्हा दहा मिनिटं तुम्ही थांबा; खरे प्रश्न तेव्हाच येतात.

संतापलेल्या नातेवाइकाशी बोलताना स्वतःच्या बचावाने सुरुवात करू नका. 'तीन तास कोणी काही सांगितलं नाही, याचा राग येणं स्वाभाविक आहे. मला आत्ता जे माहीत आहे ते सांगते, आणि बाकीचं कधी कळेल तेही.' मारहाण किंवा धमकी सुरू झाली की मात्र संवाद थांबवून सुरक्षेला बोलावणं हेच योग्य. कुटुंबाचा सन्मान म्हणजे परिचारिकेने हिंसा सहन करणं नव्हे.

काही खास ठिकाणं

नवजात अतिदक्षता विभागात हा विचार थेट जीव वाचवतो. कांगारू पद्धतीत कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा इथे तिची सुरुवात झाली. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या आतल्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होईपर्यंत न थांबता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १२ टक्के राहिलं. नेहमीच्या पद्धतीत ते १५.७ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास ही पद्धत वापरायला सांगते. एवढे तास आई तिथे राहायची तर तिला तिथे खाट, जेवण आणि स्वच्छतागृह हवं, आणि ती थकेल तेव्हा वडील किंवा आजीची छाती चालते.

सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करण्याचे प्रयत्न, चालू असताना नातेवाइकाला आत राहू द्यावं का? फ्रान्समध्ये घरी हृदय बंद पडलेल्या पेशंटच्या ५७० नातेवाइकांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. ज्यांना हजर राहायचं का असं रीतसर विचारलं गेलं, त्यांच्यात नंतर आघाताची लक्षणं कमी होती, आणि पथकाच्या कामात अडथळा आला नाही. करायचं असेल तर एक परिचारिका फक्त त्या नातेवाइकासाठी मोकळी हवी, त्याला उभं राहायची जागा दाखवायची, काय चाललंय ते हळू आवाजात सांगायचं, आणि कधीही बाहेर जाता येईल हे आधीच सांगायचं. मोकळी परिचारिका नसेल तर मी आत बोलावणार नाही. एकट्याने ते पाहायला लावणं क्रूर आहे.

आयसीयूतल्या भ्रमिष्ट अवस्थेत ओळखीचा आवाज, चष्मा, श्रवणयंत्र आणि घरातला फोटो यांचा आधार मोठा असतो. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी कुटुंबाकडून एक पानभर माहिती लिहून घ्या: कोणत्या नावाने हाक मारावी, काय आवडतं, कशाने चिडतात, दुखलं की काय करतात.

पायरी ६: डिस्चार्जची तयारी पहिल्या दिवसापासून

निघण्याच्या सकाळी दहा मिनिटांत शिकवलेलं घरी टिकत नाही. ड्रेसिंग, इन्सुलिन, कॅथेटरची स्वच्छता, जे काही घरी करावं लागणार आहे ते दोन जणांना शिकवा. एकच जण शिकलेला असेल तर तो आजारी पडल्यावर सगळं थांबतं. जमल्यास निघण्याआधीचा पूर्ण दिवस आणि रात्र सगळी कामं त्यांनी करावीत आणि तुम्ही फक्त जवळ असावं. धोक्याची लक्षणं कागदावर तीन किंवा चार, मोठ्या अक्षरांत, त्यांच्या भाषेत, आणि शेजारी फोन कोणाला करायचा तो नंबर.

काळजी घेणाऱ्याकडेही पाहा. झोप किती होते? स्वतःची औषधं घेता का? एक तास बाहेर जायचं झालं तर जागी कोण बसतं? ताण जास्त वाटला तर झारिट यांच्या प्रश्नावलीचा आधार घेता येतो. तिच्यात २२ प्रश्न आहेत, गुण ० ते ८८, आणि जास्त गुण म्हणजे जास्त भार. गुण मोजून थांबू नका. समाजसेवा विभाग, गृहशुश्रूषा, नात्यातलं मदतीला येणारं दुसरं कोणी, काहीतरी प्रत्यक्ष जोडून द्या.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत फोन करा आणि आधी काळजी घेणाऱ्याची विचारपूस करा. मग: कोणतं औषध मिळालं नाही? कोणतं काम जमत नाही? रात्र कशी गेली? मिळालेली उत्तरं केस पेपरवर लिहा, त्यांत पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि काय ठरलं ते सांगायला त्या घरी पुन्हा फोन करा.